व्हर्सायचा तह आणि वडगावचं रान

बाई,

शाळेतल्या शोकसभेत बोलणाऱ्या प्रत्येकानं तुम्हाला मनमिळाऊ म्हटलं. मी मागच्या रांगेत बसले होते. तुम्ही मनमिळाऊ नव्हतात. तुम्ही न्यायी होतात, आणि न्यायी माणसाजवळ बसायला लोकांना फार आवडत नाही. पण शोकसभेचे शब्द ठरलेले असतात. हाडाच्या शिक्षिका, कुटुंबवत्सल, मनमिळाऊ. मलाही बोलायला सांगितलं होतं, मी नको म्हटलं. माझ्याकडे बोलण्यासारखं जे होतं ते एक भांडण होतं, आणि ते अजून मिटलेलं नाही. म्हणून इथं लिहिते.

दहावीला तेव्हा आधुनिक जगाचा इतिहास होता. मी निरवांगीहून सायकलवर शाळेत यायचे, तुम्ही बारामतीहून एसटीनं. तुमच्या आधीचे सर गाइडमधली उत्तरं फळ्यावर लिहायचे, आम्ही ती वहीत उतरवायचो आणि कुणाची काही तक्रार नसायची. तुम्ही पहिल्याच तासाला जगाचा नकाशा मागवलात. शिपायानं कुठल्यातरी कपाटामागून तो काढून आणला. त्यावर सोव्हिएत रशिया अजून अखंड होता. तुम्ही त्यावर पट्टी ठेवलीत आणि म्हणालात, "हा देश आता नाही."

दत्ता पहिल्या बाकावर होता. तो उठलाच. "मग बाई, खोडू का?"

"खोडायचा नाही. तो होता आणि आता नाही. मधे काय झालं ते आपण शिकणार आहोत."

हे मी घरी आबांना सांगितलं. माझे वडील शिक्षणाच्या आड कधी आले नाहीत, पण विषयाचा उपयोग काय हे त्यांना कळायला हवं असायचं. "जर्मनी शिकून काय करायचं? तितं ऊस लावत्यात का?" असं त्यांनी विचारलं. मी दुसऱ्या दिवशी तो प्रश्न जशाच्या तसा वर्गात विचारला. वर्ग हसला, तुम्ही हसला नाहीत. "तिथं साखर बीटापासून करतात. आबांना सांग." आबांनी नंतर कितीतरी दिवस भेटेल त्याला सांगितलं की जर्मन लोक कंदापासून साखर काढतात, आमच्या पोरीच्या बाईंनी सांगितलंय. इतिहासाबद्दल त्यांची शंका त्यानंतर मिटली.

पहिल्या महायुद्धाचा धडा संपून व्हर्सायच्या तहाचा आला तेव्हा तुम्ही पुस्तकं मिटायला लावलीत आणि वर्गाचे गट पाडलेत. दत्ता आणि त्याची टोळी फ्रान्स. खिडकीकडच्या दोन रांगा इंग्लंड आणि अमेरिका. मी, संगीता आणि मागच्या बाकावरचे उरलेले म्हणजे जर्मनी.

"जर्मनीनं बाहेर व्हरांड्यात बसायचं. तह ठरला की बोलावू."

मी म्हटलं, "बाई, ठरणार आमच्याबद्दल आणि आमीच बाहेर?"

"व्हय," तुम्ही म्हणालात. असं गावाकडचं 'व्हय' तुमच्या तोंडून क्वचित यायचं. आलं की पुढं बोलण्यात अर्थ नसायचा.

आम्ही व्हरांड्यात बसलो. आतून हसण्याचे आवाज येत होते, मधूनच कुणीतरी बाक वाजवत होतं. आम्ही आधी आपसात गमती केल्या, मग आत काय ठरतंय ते कान देऊन ऐकू लागलो. आत बोलावलं तेव्हा दत्तानं उभं राहून कलमं वाचली. जर्मनीनं आपले बाक फ्रान्सला द्यायचे आणि दाराशी जाऊन बसायचं. वर्ग रोज जर्मनीनं झाडायचा. खो-खोच्या संघात जर्मनीतलं कुणी असणार नाही. आणि वर्गात आजवर झालेल्या सगळ्या भांडणांचा दोष आमचाच, असं मान्य करून खाली सही करायची.

"आन न्हाय केली तर?" मी विचारलं.

"तर युद्ध परत सुरू. तुमच्याकडं सैन्य आहे?" तुम्ही विचारलंत.

"न्हाय."

"मग?"

मी सही केली. मला वाटलं होतं की घंटा झाली की हा खेळ संपेल. तुम्ही संपवला नाहीत. दुसऱ्या दिवशी आम्हाला खरोखर वर्ग झाडायला लागला. दत्ता आमच्या बाकावर बसून ऊस खायचा आणि चिपाडं मुद्दाम खाली टाकायचा. मी त्याच्याकडे बघितलं की म्हणायचा, "तहात हाय."

आठवडा संपायच्या आत संगीतानं ओढ्याकाठची खाजकुइली आणून दत्ताच्या बाकावर चोळली. त्याची मान आणि दोन्ही हात लाल झाले, तो रडकुंडीला आला. मुख्याध्यापक आले. "कुणी केलं?" असं तुम्ही विचारलंत तेव्हा संगीताच्या तोंडावरूनच सगळ्यांना कळलं होतं. मी उभी राहिले. मी म्हटलं, संगीताला शिक्षा करता येणार नाही. आम्हाला बाहेर बसवलं, आमचे बाक काढून घेतले, नसलेला दोष आमच्या माथी मारला. अपमान केल्यावर माणूस काय करतो ते तुम्हीच शिकवायला निघाला होतात, आता तेच झालं.

आज मी कोर्टात उभी राहते तेव्हा याहून बरं बोलत असेन असं वाटत नाही.

तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "मी तुला कारण शिकवलं, अश्विनी. परवानगी दिली नाही."

"कारण असलं म्हणजे दोष कमी होतो की."

"किती कमी होतो?"

"विचार कर," तुम्ही म्हणालात. "मलाही नक्की माहीत नाही." संगीताला तुम्ही दत्ताबरोबर आरोग्य केंद्रात पाठवलंत, त्याच्या हाताला मलम तिनंच लावायचं असं सांगून. मुख्याध्यापक व्हरांड्यात तुम्हाला म्हणाले ते आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. "बाई, इतिहास वाचून दाखवा. करून दाखवायची गरज नाही." तुम्ही मान हलवलीत. तह त्याच दिवशी रद्द झाला, पण तुमची शिकवायची पद्धत काही बदलली नाही.

पुढच्या धड्यात ज्यूंच्या कत्तलीबद्दल जेमतेम काही ओळी होत्या. तुम्ही त्यावर पूर्ण तास घेतलात. आवाज चढवला नाहीत, डोळ्यांत पाणी आणलं नाहीत. माणसांना आधी नोकऱ्यांतून, मग शाळांतून, मग घरांतून कसं काढलं, आणि शेवटी कुठं नेलं, ते एकापाठोपाठ एक सांगत गेलात. दत्तानंच विचारलं, "शेजारची माणसं काय करत हुती, बाई?"

तुम्ही खडू खाली ठेवलात. "काही जणांनी लपवलं. बऱ्याच जणांनी दार लावून घेतलं."

मग माझ्याकडं वळून म्हणालात, "आता सांग. व्हर्सायमध्ये अपमान झाला होता, म्हणून हे कमी वाईट आहे का?"

पण माझं म्हणणं मी सोडलं नव्हतं. व्हर्साय झालाच नसता तर? हा प्रश्न मी तुम्हाला तेव्हापासून किती वेळा विचारला असेन कोण जाणे. लग्नांच्या पंगतीत, फोनवर, एकदा तर एसटी सुटत असताना खिडकीतून. तुम्ही प्रत्येक वेळी म्हणायचात, नसता झाला तर काय हे इतिहासात येत नाही, झाला त्यानंतर कोण कसं वागलं ते येतं. मी म्हणायचे, कोर्टात दोन्ही येतं.

दुसऱ्या महायुद्धानंतरचा भाग तुम्ही खूप आवडीनं शिकवायचात. एकमेकांची गावं बेचिराख केलेल्या फ्रान्स आणि जर्मनीनं पुढं कोळसा आणि पोलाद यांचा कारभार एकत्र केला, हे सांगताना तुमचा आवाज जरा वर जायचा. तेव्हा तुम्ही दत्ताला आणि मला मिळून वर्गाचा पाण्याचा माठ भरायचं काम दिलंत. एकानं अंग काढून घेतलं की सगळा वर्ग तहानेला राहणार आणि दोघांनाही शिव्या बसणार. आमची मैत्री झाली नाही. माठ मात्र रोज भरला. तुम्हाला तेवढंच दाखवायचं होतं असं मला पुष्कळ नंतर वाटलं.

मी पुढं कायदा शिकले आणि बारामतीत वकिली सुरू केली. एके दुपारी तुम्ही माझ्या ऑफिसात आलात. वडगाव निंबाळकरला, तुमच्या माहेरी, तुमचे वडील वारले होते. तुमचे थोरले भाऊ वसंतराव यांनी हक्कसोडपत्र तयार करून पाठवलं होतं. वडिलांच्या जमिनीवरचा तुमचा हक्क तुम्ही राजीखुशीनं सोडत आहात, असं त्यात लिहिलं होतं. तुम्हाला न विचारताच. आपल्याकडे बहिणींनी अशी सही करायची पद्धतच आहे, तालुक्याच्या गावी जाऊन सही करायची, भावानं दिलेलं जेवण जेवायचं आणि परत यायचं. मी त्या कागदावरून नजर उचलून तुमच्याकडे पाहिलं.

"सही करायची नाही, हे ठरलंय," तुम्ही म्हणालात. "पुढं काय करायचं ते सांग."

मला आनंद झाला हे मी लपवलं नाही. वाटपाचा दावा दाखल केला. पहिल्या तारखेला वसंतराव कोर्टाच्या व्हरांड्यात तुमच्यासमोर येऊन उभे राहिले. उसात राबणारा माणूस, हात जाड, धोतर स्वच्छ. रागापेक्षा त्यांना नवलच जास्त वाटत होतं.

"सुमे, तुला काय कमी हाय? दाजींची एमआयडीसीत नोकरी हाय, तुझा पगार हाय. आमी रानात मरायचं आन तू सातबाऱ्यावर बसायचं व्हय?"

"दादा, मी मागते ते तुझं नाही," तुम्ही म्हणालात.

"बापाचं हाय म्हंजी माझंच की."

"ते माझेही वडील होते."

त्या दिवाळीपासून भाऊबीजेला तुमचा वडगावचा रस्ता बंद झाला. हे तुम्ही मला सांगितलं नाहीत, काकांनी, तुमच्या यजमानांनी, सांगितलं. तुम्ही ताट तयार केलंत, संध्याकाळी गच्चीत गेलात आणि ज्यांना भाऊ नसतो त्या बायका ओवाळतात तसं चंद्राला ओवाळून खाली आलात. दावा चालू होता तोवर दर वर्षी हेच. मी तुमची वकील होते, मला ही गोष्ट माहीत असायला हवी होती असं मी तुम्हाला रागावून म्हटलं. "ती दाव्यात कुठं येते?" असं तुम्ही विचारलंत.

निकाल आपल्या बाजूनं लागला. अर्धा हिस्सा तुमचा. पुढं सरकारी मोजणी झाली त्या दिवशी आपण सगळे वडगावला बांधावर उभे होतो. मोजणीदारानं खुणा करायला घेतल्या. रस्त्याकडचा तुकडा चांगला होता, विहीरही त्यातच. तो मागायला आपली बाजू भक्कम होती, मी सगळी तयारी केली होती. तुम्ही मला बाजूला घेतलंत.

"रस्त्याकडचं दादाला राहू दे. आपण आतलं घेऊ. विहीर सामाईक ठेव."

"बाई, आपण जिंकलोय."

"म्हणून तर."

"त्यांनी तुम्हाला न विचारता कागद केला होता. इतकी वर्षं घरात घेतलं नाही. आणि तुम्ही चांगला तुकडा सोडताय. याला तुम्ही हक्क सोडणं नाही तर काय म्हणता?"

तुम्ही बांधापलीकडे बघत होतात. वसंतराव सुनेच्या हातून पाण्याचा तांब्या घेत होते आणि आपल्याकडे बघायचं टाळत होते. "मला माझं रान पाहिजे होतं, ते मिळालं," तुम्ही म्हणालात. "त्याची खाली गेलेली मान मला नको आहे. ती घेऊन मी काय करू?"

मी म्हटलं, हे वर्गात ठीक आहे, शेतात चालत नाही. तुम्ही म्हणालात, अशील मी आहे. मी मोजणीदाराला तसं सांगितलं.

माझं मत बाई अजून तेच आहे, आणि तुम्ही नाहीत म्हणून ते मी मऊ करणार नाही. वसंतरावांना त्यात तुमचा मोठेपणा दिसला नाही, कमकुवतपणा दिसला. विहिरीच्या पाण्याच्या पाळीत ते तुमचं रान वाट्यानं कसणाऱ्या वाटेकऱ्याला उन्हाळाभर तंगवायचे. तुम्ही स्वतः वडगावला जायचात, ओट्यावर बसायचात, पाळी ठरवून घ्यायचात आणि परत यायचात. पुढल्या महिन्यात परत तेच. मी म्हणायचे, नोटीस देऊ. तुम्ही म्हणायचात, मी जाऊन येते. आतल्या तुकड्यात गाडी नेता येत नाही म्हणून तोडणीच्या वेळी वाटेकऱ्याचे हाल व्हायचे ते वेगळेच. चांगुलपणाचा परिणाम समोरच्यावर होतोच, असं मी माझ्या कामात फार कमी पाहिलं आहे.

पण एवढंही खरं आहे की त्या ओट्यावर तुम्हाला चहा मिळू लागला. मग एका वर्षी भाऊबीजेला वसंतराव स्वतःच बारामतीला आले, दारात उभे राहून म्हणाले, "ताट केलंयस का?" तुम्ही ओवाळलंत. दाव्याबद्दल कुणी काही बोललं नाही. हेही मला काकांनीच सांगितलं.

दवाखान्यात शेवटची भेट झाली तेव्हा तुमचा आवाज बसलेला होता. मी फळं आणली होती, ती तुम्हाला चालणार नव्हती. तुमची लेक प्रज्ञा पुण्याहून आलेली, औषधं आणायला खाली गेली होती. तुम्ही मला जवळ बोलावलंत.

"ठरलं का मग? किती कमी होतो?"

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. "कोर्टात थोडा कमी होतो, बाई. घरात किती ते मला माहीत नाही."

तुम्ही हसलात आणि हसण्यानंच खोकला आला. सिस्टरनं मला बाहेर जायला सांगितलं. तुमच्यामुळं मी वकील झाले, हे मला त्या दिवशी म्हणायचं होतं. तसं म्हटलं असतं तर तुम्ही पुरावा मागितला असतात, म्हणून म्हटलं नाही. ते राहिलं. त्याचं फार वाईट वाटतं असं नाही. तुम्हाला ते माहीत होतं. पण गेल्या आठवड्यात एका दाव्यात मला तुम्हाला फोन करायचा होता आणि हात फोनकडे गेला.

आता जे सांगायचं म्हणून हे लिहायला घेतलं ते सांगते.

तुमचे दिवस झाल्यावर वसंतराव माझ्या ऑफिसात आले. बरोबर त्यांची लेक मंगल होती, इंदापूरला दिलेली. मी उठून खुर्ची दिली. इतकी वर्षं मी त्यांच्याविरुद्ध उभी होते, त्यामुळं बोलायला कुठून सुरुवात करावी ते दोघांनाही कळेना.

"वकीलबाई," ते म्हणाले, "सुमीच्या वाटणीवर प्रज्ञाचं नाव लावून टाका. माझी हरकत न्हाय."

"हरकत तुमची चालणारही नाही," मी म्हटलं. सवयीनं बोलले.

"ते माहीत हाय मला." त्यांना राग आला नाही. "तरी सांगाय आलो." मग लेकीकडं हात करून म्हणाले, "आन हिचंबी नाव लावायचं हाय. माझ्या जित्तेपणीच. पोराच्या बरुबरीनं. ते कसं करायचं ते सांगा."

मुलगा काय म्हणतो, असं मी विचारलं. "तो चिडलाय," वसंतराव म्हणाले. "चिडू दे. मीबी चिडलो हुतो."

'का' असं मी विचारलं नाही. वकिलानं ते विचारायचं नसतं, आणि त्यांनी सांगितलंही नसतं. तुम्ही असतात तर विचारलं असतंत. तुमचं बरोबर ठरलं असं मी यावरून म्हणणार नाही. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, आणि तो माणूस पाण्याची पाळी अजूनही पाळत नाही असं तुमचा वाटेकरी सांगतो. मी फक्त घडलं ते तुम्हाला कळवते आहे.

मी त्यांना कोणकोणते मार्ग आहेत ते समजावून सांगितलं. मंगल सगळा वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. शेवटी मी तिला विचारलं, तुझी स्वतःची काय इच्छा आहे. तिनं वडिलांकडं पाहिलं. बहुतेक असा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता.

"माझ्याकडं काय बघतीस?" वसंतराव म्हणाले. "तुला इचारलंय. तू सांग."

मग पदर सोडून, सरळ माझ्याकडं बघत, ती हळू पण स्पष्ट आवाजात म्हणाली, "मला पायजे."